पास, परंतु

सोनकांबळे साहेब वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे. फाईल हातात आली की तीही मागून चाळायची. जेवणाचा डबा उघडला की आधी तळाच्या पुडातला भात, मग वर येत येत भाकरी. आमच्या ऑफिसात तऱ्हेवाईक माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता, म्हणून पहिले काही महिने मी कानाडोळा केला. पण एकदा ते माझा नकाशा चक्क उलटा धरून बघायला लागले, तेव्हा राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, उत्तर दिशा वर असते." ते नकाशातून डोकं न काढता म्हणाले, "असू द्या की ताई. टाकी कुठं हाय ते समदेच दाखवतात. मी शेवटची तोटी हुडकायलोय."

मी मूळची नांदेडची. अनुरेखक म्हणून, म्हणजे इंजिनियर लोकांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे शाईनं गिरवायला, नोकरीला लागले आणि बदली होऊन लातूरला आले. लातूर जिल्हा होऊन काही वर्षं उलटली होती, तरी आमच्याकडे सगळे त्याला 'नवा जिल्हा'च म्हणत. पाट्या नव्या होत्या, शिक्के नवे होते. जुने नकाशे मात्र अजून जुन्या जिल्ह्याच्या कपाटांत होते आणि मागवले की 'शोध चालू आहे' असं उत्तर यायचं. आमचं पाणीपुरवठ्याचं ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं आणि माझं टेबल त्या घराच्या न्हाणीत. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या न्हाणीत पाणी येत नव्हतं, म्हणून तर तिथं टेबल मांडता आलं.

सोनकांबळे आमचे उपअभियंता. देगलूरचे. उंच, किडकिडीत, पायात कायम कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा हळू की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागे. "आमच्या देगलूरला पाण्याला तीन नावं," ते सांगायचे. "कुनी पानी म्हनतं, कुनी नीळ्ळु, कुनी नीरु. मागाय गेलं की तिन्ही भाषेत न्हाईच म्हनायचे आमाला." हे ते हसत सांगत, पण ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीच्या बायका गावविहिरीच्या पायऱ्यांखाली घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि वरून कुणी ओतेल त्याची वाट बघायच्या. याहून जास्त ते त्याबद्दल बोलले नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

नळयोजना पुरी झाली की ती गावाच्या ताब्यात द्यायची असते. विहीर, टाकी, नळ, तोट्या सगळं तपासून 'हस्तांतरणास योग्य' असा शेरा मारायचा, हे काम साहेबांचं. हा शेरा त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. ते म्हणायचे 'पास'. आणि पास करायची त्यांची रीत ठरलेली होती. गावात वेशीतून शिरायचं नाही, मागच्या पांदीनं जायचं. सरपंच हार घेऊन टाकीपाशी उभा असायचा आणि साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला शेवटच्या तोटीपाशी उकिडवे बसलेले असायचे. तिथलंच पेलाभर पाणी मागून घ्यायचं, घोट घोट प्यायचं, आणि मग खिशातलं पेन काढायचं. आमच्याकडे बहुतेक गावांत शेवटची तोटी कुणाच्या वस्तीत असते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

एका ठेकेदारानं त्यांची ही रीत हेरली. नळ अर्ध्या गावातच फुटलेला, शेवटच्या तोटीला पाणी पोचत नव्हतं. गड्यानं शक्कल लढवली. शेवटच्या वळणाआड नळ उघडा करून त्यात टँकरचं पाणी ओतायला दोन माणसं लपवून ठेवली. साहेब आले, बसले, तोटी सोडली, पाणी धो धो आलं. साहेबांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकला. ठेकेदाराला म्हणाले, "तुमच्या हिरीत डिझेल लागलंय. पानी पुरवायचं सोडा, पेट्रोल पंप टाका." ही गोष्ट आमचे जीपवाले गफूरभाई इतकी रंगवून सांगायचे की पुढे पुढे त्या तोटीतून भडका उडायला लागला होता.

साहेबांची आणखी एक रीत होती आणि माझ्या मते तीच खरी. काम सुरू व्हायच्या आधी ते गाव पारावर गोळा करायचे आणि म्हणायचे, "पास कशाला म्हनायचं ते आज ठरवू. मागनं भांडान नगं." मग एकेक गोष्ट मोठ्यानं सांगायचे. विहीर उपसली तर किती वेळात भरली पाहिजे, टाकी गळता कामा नये, शेवटच्या तोटीला घागर किती वेळात भरली पाहिजे. लोकांकडून ते परत वदवून घ्यायचे. आम्ही ऑफिसात चेष्टा करायचो की साहेब योजना बांधत नाहीत, लग्नाच्या देण्याघेण्याची याद करतात. पण त्यांच्या गावांतून तक्रारी येत नसत हेही खरं होतं.

मग तो दुष्काळ आला. पहिल्या वर्षी ज्वारी गेली, दुसऱ्या वर्षी विहिरी गेल्या. लातूरच्या गल्ल्यांतसुद्धा घागरींच्या रांगा लागल्या. आणि त्याच वेळी पाण्याचा नवा कायदा आला. गावाच्या पिण्याच्या विहिरीभोवती ठरावीक अंतरात दुसऱ्या कुणी नवी विहीर घ्यायची नाही, आणि टंचाई जाहीर झाली की आतल्या जुन्या विहिरींवरच्या मोटारीही बंद ठेवायच्या. त्यामागोमाग वरून पत्र आलं की यापुढं योजना पास करताना नकाशावर त्या अंतराचं वर्तुळ दाखवावं आणि वर्तुळात चालू मोटार नाही असा दाखला जोडावा.

साहेबांनी ते पत्र अर्थातच मागून वाचलं. बाकीचे लोक पहिल्या परिच्छेदावर चर्चा करत होते, तोवर ते माझ्या न्हाणीत येऊन उभे राहिले. "ताई, शेवटची ओळ बगा."

शेवटच्या ओळीत होतं, 'सदर निकष चालू कामांनाही लागू राहतील.'

"नवा नेम नव्या कामाला लागला तर तकलीफ न्हाई," ते म्हणाले. "ह्यानं मागं वळून बगितलंय. गावाला आपन जबान देऊन बसलोय."

"तुम्ही कुठं दिलीत? सरकारनं दिली," मी म्हटलं.

"सरकारला तोंड कुठं असतंय? तोंड माझंच व्हतं."

दुसरं कुणी असतं तर गावोगाव पत्र धाडून मोकळं झालं असतं. सोनकांबळे जीप घेऊन प्रत्येक गावी गेले. त्याच पारावर बसून म्हणाले, "मी पास कशाला म्हनायचं सांगितलं व्हतं, ते बदललंय. ते सांगाय आलोय." शिव्या खाल्ल्या. एका गावात एक म्हातारा म्हणाला, "साहेब, अशा अटी पोरगी बगाय येतानी सांगायच्या असतेत. हळद लागल्यावर सांगून कसं जमंल?" साहेब म्हणाले, "बरोबर हाय बाबा तुमचं. म्हनून तर चिठ्ठी न धाडता सोता आलो."

माझ्या वाट्याला वर्तुळं आली. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या कंपासाचे पाय तेवढे फाकत नव्हते, म्हणून मी टाचणीला दोरा बांधून निबीनं वर्तुळं ओढायची. अर्ध्या जिल्ह्याच्या विहिरींना मी अशी कडी घातली. कुणाचं रान आत गेलं, कुणाचं बाहेर राहिलं, हे बघायचं माझं काम नव्हतं आणि खरं सांगते, मी बघतही नव्हते. शाई पसरू नये एवढीच चिंता.

एका गावाला मी इथं बोरवाडी म्हणते. खरं नाव सांगून तिथल्या माणसांना पुन्हा कशाला त्रास? बोरवाडीचं वर्तुळ ओढलं आणि नकाशा साहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो उलटा फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. वर्तुळाच्या रेघेतच एक विहीर होती. आत म्हणावी तर आत नाही, बाहेर म्हणावी तर बाहेर नाही. नेमकी रेघेत.

"ताई, तुमच्या निबीची रेघ रानात किती जाड व्हईल?"

मी हिशेब करून सांगितलं, "चारपाच पावलं."

"म्हंजे ह्या रेघेत एका बाईची समदी इस्टेट बसली."

ती विहीर सुंदराबाईची होती, आणि ती कुणी पास केली होती ते मला त्या दिवशी कळलं. काही वर्षांपूर्वी साहेब त्याच तालुक्यात विहिरींच्या कामावर होते. बोरवाडीच्या बौद्धवाड्यातली ही बाई, नवरा वारलेला, पदरी एक मुलगा आणि ओढ्याकडेचं थोडं रान. सरकारी योजनेतून तिला विहीर मंजूर झाली. वाड्यातली ती पहिली विहीर. पाणी लागलं, बांधकाम झालं, साहेब तपासायला गेले. कठड्याचं सिमेंट ओलं होतं. बाईनं त्यांना पहिला पेला दिला आणि म्हणाली, "साहेब, हितं पास लिवा."

"कागदावर लिवलंय की बाई."

"कागद तुमच्या हापिसात जाईल. माजं पोरगं औंदा दहावीला नापास झालंय. घरात एक तरी पास असू द्या."

साहेबांनी बोटानं ओल्या सिमेंटात 'पास' असं लिहिलं. हे मला सांगताना त्यांनी उजव्या हाताची तर्जनी नकळत टेबलावर फिरवली. पुढं त्या पाण्यावर सुंदराबाईनं मिरची, वांगी केली, मोटार बसवली, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या बांधावर राबणारी बाई स्वतःच्या बांधावर उभी राहिली. मुलगासुद्धा पुढच्या खेपेला पास झाला म्हणे.

नकाशा जागेवर पडताळायचा नियम होता म्हणून मलाही बोरवाडीला जावं लागलं. चैत्र संपत आला होता. आभाळ पांढरं पडलेलं. सरपंच शिवराजअप्पा आमच्याबरोबर होते. कपाळाला भस्म, खांद्यावर उपरणं, गोड बोलणारे, गावात किराण्याचं दुकान. साहेबांनी गावविहिरीच्या मध्यातून दोर धरायला लावला आणि मोजणीची साखळी टाकत थेट सरळ रेषेत निघाले. बांध आडवे आले, काटे आले, साहेब वळले नाहीत. सुंदराबाई आपल्या विहिरीपाशी उभी होती. काळी, ठेंगणी, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला. मागं मिरचीचं हिरवं रान होतं. त्या सगळ्या शिवारात तेवढाच हिरवा तुकडा.

साखळी संपली. साहेबांनी दोनदा मोजलं. विहीर आत होती. किती आत? दोन बाजा टाकल्या तर अंतर संपेल एवढी आत.

अप्पांनी साहेबांना बाजूला घेतलं. मी तिथंच नकाशा धरून उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. "आत हाय ना? मंग लिवा की आत. मोटार बंद करा, योजना पास करा. गाव तहानलंय साहेब."

साहेब म्हणाले, "तुमच्या चुलतभावाचं बोअर बी मोजू." ते बोअर दुसऱ्या बाजूला होतं, भोवती ऊस. साखळी टाकली. बोअर बाहेर निघालं. फार नाही, पण निखालस बाहेर. अप्पा उपरण्यानं तोंड पुसत हसले. साहेब हसले नाहीत, मापही बदललं नाही. मला मात्र त्या साखळीचा मनस्वी राग आला.

परतीच्या वाटेवर मी न राहवून म्हणाले, "साहेब, रेघेतच आहे ती. बाहेर लिहिलीत तर कोण बघायला येतंय? मीच निब जरा आतून फिरवते."

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मोजणीच्या आधीच ते दोनदा येऊन गेले होते. सुंदराबाईची मोटार चालू ठेवून त्यांनी गावविहिरीत पाण्याची खूण बघितली होती. मोटार चालली की गावविहीर उतरायची. "कायदा वाईट असता तर मी वाकवला असता ताई," ते म्हणाले. "कायदा बरोबर हाय, हेच तर वाईट हाय. वैशाखात गावाची हीर आटली तर टाकी अर्धी भरंल. टाकी अर्धी भरली की पहिल्यांदा कोनती तोटी बंद व्हती?"

शेवटची. म्हणजे बौद्धवाड्याची. म्हणजे सुंदराबाईच्याच दारातली.

गफूरभाईंनी गाडी हाकता हाकता मान हलवली. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहिला तो मी स्वतः टाइपाला दिला. 'पास, परंतु.' परंतुच्या पुढं त्यांनी लिहिलं होतं की जी विहीर शासनानेच मंजूर करून स्वीकारली, ती नव्या निकषामुळे बंद होत असल्यास त्या बाईच्या रानाला दुसरं पाणी दिल्यावर मगच ही मोटार बंद करावी. ओढ्यावर खालच्या अंगाला, वर्तुळाच्या बाहेर, दुसरी विहीर घेता येईल, जागा आपण बघितली आहे. फाईल वर गेली आणि आठवड्यात परत आली. वरच्या साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'पास किंवा नापास एवढेच लिहावे. परंतु हा शेरा नव्हे.'

सोनकांबळेंनी तीच फाईल तोच परंतु घालून पुन्हा पाठवली. पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा ते स्वतः घेऊन गेले. आल्यावर बूट काढून खुर्चीत नुसते बसून राहिले. मी चहा नेऊन ठेवला. "काय म्हणाले?"

"म्हनले, सोनकांबळे, तुमची जवळीक दिसती."

ह्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. बौद्ध अधिकारी, बौद्ध बाई. मोजणी आत निघाली तरी जवळीक, आणि बाहेर काढली असती तर काय म्हटलं असतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब मात्र चहा पिऊन शांतपणे म्हणाले, "साखर कमी हाय आज." तो चहा त्यांनी अर्धाच प्यायला.

त्यांनी फाईल टेबलात ठेवून दिली. नापास लिहिणार नाही, परंतु काढणार नाही. पण योजना पास होत नाही तोवर विहिरीचं आणि टाकीचं कुलूप निघत नव्हतं. वैशाख चढला. बोरवाडीत टँकर दोन दिवसांआड यायचा आणि आला की मारामारी व्हायची. टाकी बांधून तयार, नळ जमिनीत, तोट्या दारात आणि गाव टँकरमागं पळतंय. गाव कुणाला शिव्या देणार? अप्पांनी आडून पेटवलंच होतं की साहेब आपल्या माणसासाठी गावाला तहानेनं मारायलाय. एका दुपारी बोरवाडीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ट्रकमधून लातूरला आल्या आणि आमच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसल्या.

साहेब बाहेर आले. बायांनी एकच गिल्ला केला. त्यांच्यात मागं, वाड्यातल्या बायांबरोबर सुंदराबाई बसली होती. गिल्ला थोडा कमी झाल्यावर ती उठली, घागर कडेवर घेतली आणि पुढं आली.

"लिवा दादा," ती म्हणाली.

आजवर ती त्यांना साहेब म्हणायची. त्या दिवशी दादा म्हणाली.

"बाई, मी अजून वर सांगायलोय. तुज्या रानाची सोय—"

"ऐकत्याल का ते?"

साहेबांनी नाही अशी मान हलवली.

"मंग लिवा. वाड्यात तीन लेकरं तापानं पडल्यात. माजी हीर समद्या वाड्याला पुरंना, अन् टँकरचं पानी आमच्यापतूर येस्तोवर गढूळ येतंय. मिरचीचं काय, औंदा न्हाई तर फुडल्या साली." तिला माहीत होतं आणि साहेबांनाही माहीत होतं की पुढल्या सालीही वर्तुळ तिथंच राहणार आहे. बाई तेवढं बोलून परत मागं जाऊन बसली. मी दारात उभी होते. मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

साहेबांनी आत येऊन परंतु खोडला.

चार दिवसांनी योजना गावाच्या ताब्यात द्यायला आम्ही बोरवाडीला गेलो. वर्तुळाचा पक्का नकाशा जागेवर दाखवून सही घ्यायची म्हणून मीही होते. साहेब नेहमीसारखे मागच्या पांदीनं गेले. वाड्यात शेवटची तोटी सुंदराबाईच्या दारापुढं होती. तोटी सोडली. आधी हवा फुसफुसली, मग लालसर पाणी आलं, मग स्वच्छ. पोरांनी खाली डोकी घातली. बायांनी रांगेनं घागरी लावल्या आणि शेवटच्या तोटीला घागर ठरल्या वेळात भरली.

सुंदराबाईनं पितळी पेला घासून आणला होता. तिनं तो भरून साहेबांपुढं धरला.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि पेला न घेता आधी सही केली. माझ्या नोकरीत त्यांचा क्रम मोडलेला मी तेवढा एकदाच बघितला. सही करून त्यांनी कागद अप्पांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पास." मग पेला घेतला, दोन्ही हातांत धरून उभे राहिले, आणि न पिताच बाईच्या ओट्यावर हळूच ठेवला. ती बघत होती.

तिकडं टाकीपाशी ताशा वाजत होता. अप्पांनी नारळ फोडला, गफूरभाईंनाही हार मिळाला. तहसिलातून आलेला माणूस मोटारीची वायर काढून, पेटीला लाख लावून कधीच निघून गेला होता. आम्ही जीपमध्ये बसलो तर साहेब नाहीत. गफूरभाईंनी हॉर्न वाजवला, तरी येईनात. मग मीच त्यांना बघायला निघाले. मागच्या पांदीनं, ओढ्याच्या बाजूला.

मिरचीनं माना टाकायला सुरुवात केली होती. ऊन उतरत होतं. साहेब सुंदराबाईच्या विहिरीच्या कठड्यापाशी उकिडवे बसले होते, जसे शेवटच्या तोटीपाशी बसायचे तसेच. त्यांच्या हातात एक टोकदार दगड होता आणि ते कठड्यावर काहीतरी घासत होते. मी जवळ गेले तेव्हा दिसलं. सिमेंटात बोटानं लिहिलेलं 'पास' ते खरवडून काढत होते. 'स'चा दांडा निम्मा गेला होता. बोटांना रक्त आलेलं.

मला हाक मारवेना. तेवढ्यात पलीकडून सुंदराबाई आली. तिनं मला बघितलं, पण थांबली नाही. ती त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांच्या हातातला दगड काढून घेतला.

"काय करायलाव हे, दादा?"

"खोटं हाय ते," साहेब म्हणाले. मला ते जेमतेम ऐकू आलं.

बाईनं पदरानं कठड्यावरची पांढरी भुकटी पुसली. अर्ध्या राहिलेल्या अक्षरावरून एकदा हात फिरवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तवा ती खरंच पास व्हती."